पाचशे एक रुपयांच्या आहेरात दोन सह्या

आहेराच्या पाकिटावरचा एक रुपया हल्ली नाण्याच्या रूपात चिकटवूनच मिळतो. पण कुणा हौशी माणसानं आत एक रुपयाची करकरीत नोट घातली असेल, तर ती पाचशेच्या नोटेशेजारी ठेवून बघा. पाचशेवर रिझर्व्ह बँकेचं नाव आणि गव्हर्नरची सही. एकच्या नोटेवर मात्र 'भारत सरकार' आणि सही अर्थ मंत्रालयाच्या सचिवाची, बहुधा वित्त सचिवाची. पाचशेवर 'मैं धारक को' असं सुरू होणारं वचन आहे. एकच्या नोटेवर वचनबिचन काही नाही.

वित्त सचिव आणि गव्हर्नर हे दोघे 'पैशाचे मोठे साहेब' म्हणून आपल्या डोक्यात एकाच खुर्चीत बसलेले असतात. नोटेनं मात्र त्यांना चोख वेगळं केलंय. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानं बँकनोटा काढण्याचा हक्क एकट्या बँकेला दिला, नाणी पाडण्याचा हक्क सरकारकडे राहिला. आणि एक रुपयाची नोट दिसायला नोट असली तरी कायद्याच्या लेखी ती नाण्यातच जमा. गव्हर्नर पाचशे रुपये द्यायचं वचन देतो. एकची नोट हा तर खुद्द रुपयाच, मग त्यापोटी आणखी काय देणार?

कामंही तशीच वेगळी. वित्त सचिव म्हणजे अर्थ मंत्रालयातल्या सचिवांपैकी सर्वांत ज्येष्ठ. तो मंत्र्यांच्या हाताखालचा, बहुधा प्रशासकीय सेवेतला अधिकारी. अर्थसंकल्प, कर, खर्च हे त्याच्या मंत्रालयाचं जग. गव्हर्नरचं जग म्हणजे व्याजदर, बँकांवरची देखरेख, परकीय चलनाचा साठा. त्याला नेमतं केंद्र सरकारच, पण तो मंत्रालयातला अधिकारी नसतो. रघुराम राजन यांच्यासारखा प्राध्यापकही त्या खुर्चीत बसू शकतो. रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं कर्ज देते तो दर) ठरवणाऱ्या सहाजणांच्या समितीत मतं समसमान पडली, तर निर्णायक मत गव्हर्नरचं. सचिवाला असं स्वतःचं मत जाहीरपणे टाकायची सोय नाही.

हा फरक कागदावर नेटका वाटतो. प्रत्यक्षात तो किती ताणला जातो, हे के. जी. आंबेगावकर यांच्या कारकिर्दीत दिसतं. आयसीएसमधले, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या प्रशासकीय सेवेतले हे मराठी अधिकारी. १९५१ च्या एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिव म्हणून त्यांची सही आहे. तेव्हा अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९). गंमत बघा: गव्हर्नर असताना देशमुखांची सही नोटांवर होती, मंत्री झाल्यावर एकाही नोटेवर नाही, सही करणार त्यांच्या हाताखालचा सचिव!

पुढे आंबेगावकर बँकेत डेप्युटी गव्हर्नर झाले. जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी तेव्हाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी खटके उडाल्यावर राजीनामा दिला. बँक म्हणजे मंत्रालयाचाच एक विभाग, असा मंत्र्यांचा सूर होता आणि रामा रावांना तो सोसला नाही. नेहरूंनी मंत्र्यांचीच बाजू घेतली. मला विचाराल तर सचिव आणि गव्हर्नर यांतला फरक शिकवायला हे एवढं एक प्रकरण पुरे. मंत्र्याशी पटत नाही म्हणून सचिवाची बदली होते आणि तो दुसऱ्या खात्यात रुजू होतो. गव्हर्नरचं पटेनासं झालं की देशभर चर्चा होते. रिकाम्या खुर्चीत आंबेगावकर बसले ते जेमतेम दीड महिना. १ मार्चपासून एच. व्ही. आर. अय्यंगार आले.

दोन्ही बाजूंच्या नोटांवर सही करणारेही काहीजण आहेत. आय. जी. पटेल, मनमोहन सिंग आणि अलीकडचे शक्तिकांत दास यांनी मंत्रालयात सचिव असताना एक रुपयाच्या नोटेवर सही केली आणि नंतर गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. मनमोहन सिंग पुढे अर्थमंत्री आणि पंतप्रधानही झाले, पण त्या पदांची सही नोटेवर नसतेच.

आंबेगावकरांना मात्र गव्हर्नर म्हणून एकही नोट लाभली नाही. १९७० मध्ये बी. एन. आडारकर त्यांच्यासारखेच जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, तरी गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आली. जुन्या नोटांच्या बाजारात आंबेगावकरांची सही हवी असेल, तर एक रुपयाचीच नोट मागावी लागते.