गुडघ्याची वाटी सरकणे आणि एमआरआय

गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खोबण असते, तिला ट्रॉक्लिआ म्हणतात, त्या खोबणीतून वाटीने वरखाली सरकायचं हे तिचं कामच आहे. (गुडघे रिप्लेस केले की लोक 'वाट्या बदलल्या' म्हणतात, तो विषय वेगळा.) प्रॉब्लेम होतो वाटी खोबण सोडून बाजूला गेली की, आणि जाते ती जवळपास नेहमी बाहेरच्याच बाजूला. पेशंट बहुतेक तरुण, खेळताना पाय जमिनीवर तसाच राहिला आणि अंग वळलं, खटकन आवाज. गंमत म्हणजे पाय सरळ केला की वाटी बऱ्याचदा आपली आपण जागेवर येते, मग डॉक्टरांसमोर येतो तो नुसता सुजलेला गुडघा, एक्सरेत वाटी जागच्या जागी, आणि शंका भलत्याच लिगामेंटवर.

इथे एमआरआय कामाला येतो, कारण वाटी परत आली तरी खुणा मागे राहतात. परत येताना वाटीची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्यावर आपटते, त्यामुळे दोन्ही हाडांत मुका मार बसतो, आणि ही जोडी दिसली की रेडिओलॉजिस्टला गोष्ट कळते. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), एमपीएफएल, पहिल्याच वेळी बहुतेकदा फाटतो, तो कुठून फाटलाय तेही दिसतं. कार्टिलेजचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाचा, टवका उडून सांध्यात सुटा फिरत असेल तर तो मात्र आधी शोधायचा, कारण त्यावरून ऑपरेशन लवकर करायचं का ते ठरू शकतं.

मग प्रश्न येतो की वाटी मुळात सरकली कशामुळे. काहींची खोबणच उथळ किंवा सपाट असते, फ्रान्सच्या लिआँमधल्या आँरी देजूर यांच्या गटाने या कारणांची मांडणी 1994 च्या पेपरात केली, आणि उथळपणाचे ए ते डी हे प्रकार आजही देजूरच्याच नावाने लिहितात. एमआरआयवर खोबणीची खोली 3 मिमीपेक्षा कमी भरली तर उथळ. वाटी फार वर बसली असेल तर गुडघा वाकायला लागला तरी ती खोबणीत उशिरा शिरते, तोवर तिला आधार कुणाचा? तिसरं माप टीटी-टीजी, म्हणजे नडगीच्या हाडावरचा पुढचा उंचवटा खोबणीच्या तळापासून आडवा किती बाहेर आहे ते, 20 मिमीच्या वर गेलं की जास्त धरतात. पण हा आकडा सीटी स्कॅनवरून आलेला, एमआरआयवर तेच माप काही मिमी कमी येऊ शकतं, शिवाय गुडघा थोडा वाकवून ठेवला तरी कमी होतं, त्यामुळे रिपोर्टमधला नुसता आकडा वाचून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

एक मर्यादा आहेच. पेशंट आडवा, स्नायू सैल, पायावर वजन नाही, म्हणजे वाटी ज्या क्षणी निसटते तो क्षण साध्या एमआरआयमध्ये नसतोच. डॉक्टर हाताने वाटी बाहेर ढकलून बघतात तेव्हा पेशंट दचकून हात धरतो, ते कुठल्याच फोटोत येत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांत अजून एक गोष्ट बघतात. मांडीच्या हाडाची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं तो थर, अजून उघडी आहे का, कारण एमपीएफएलची जागा तिच्या अगदी शेजारी, आणि ऑपरेशनमध्ये तो पट्टा नव्याने बसवताना तिथे ड्रिल चुकलं तर हाडाची वाढ बिघडू शकते.