हाड न कापता आत पाहायचे असेल तर: नमुना पाठवण्याआधी वाचा

गाईच्या पुढच्या पायाचे गुडघ्याखालचे लांब हाड हातात घेतले तर ते एकसंध वाटते. गर्भात मात्र ती दोन हाडे असतात आणि पुढे जुळून एक होतात. बाहेर त्याची खूण एका उभ्या खाचेपुरती उरते. आत मज्जेच्या पोकळीत दोघांमधला पडदा अर्धवट शिल्लक असतो. तो पाहायला पूर्वी करवत चालवावी लागे. आता स्कॅनमुळे हाड अखंड ठेवून तो दिसतो, मोजताही येतो. संग्रहात एकच नमुना असला की याचे मोल कळते.

बहुतेक ग्राहक सर्वांत बारीक स्कॅन मागतात. आम्ही आधी विचारतो, तुम्हाला पाहायचे काय आहे?

फक्त बाहेरचा आकार, स्नायू चिकटण्याच्या कडा किंवा सुरीच्या खुणा हव्या असतील तर पृष्ठभागाचा स्कॅनर पुरतो. त्यात क्ष-किरण लागत नाहीत, पण अरुंद, खोल छिद्रे निसटतात. दातांची मुळे, नाकाच्या पोकळीतले पातळ पडदे, कुत्र्याच्या कोपरात सुटलेला हाडाचा तुकडा यांसाठी सीटी, म्हणजे क्ष-किरणांनी आतल्या एकेका थराची प्रतिमा घेणारे स्कॅन, हवे; तिथे हे थर, म्हणजे काप, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे मिळतात. (आम्ही फक्त सुटी हाडे घेतो. जिवंत जनावराचे स्कॅन पशुवैद्यकाकडेच व्हावे. त्याला बहुधा भूल द्यावी लागते.)

हाडाच्या टोकातली जाळी पाहायची असेल तर मायक्रो-सीटी, म्हणजे कितीतरी बारीक तपशील दाखवणारे सीटी. त्या जाळीच्या काड्या मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतक्याच जाड असतात. पण बारकावा वाढला की आवाका घटतो. क्ष-किरण टिपणारा डिटेक्टर २००० पिक्सेल रुंद असेल आणि व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेतला सर्वांत लहान ठोकळा) २० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०२ मिलिमीटरचा, हवा असेल, तर एका वेळी ४ सेंटिमीटर रुंदीच मावते. घोड्याची अख्खी कवटी इतक्या बारकाईने मागू नका; हवा तो भाग सांगा.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो. संगणकाच्या पडद्यावरचे गुळगुळीत मॉडेल म्हणजे हाड नव्हे. करड्या छटांपैकी कुठून पुढे हाड मानायचे, ही सीमा माणूस ठरवतो. ती थोडी वर गेली की पातळ हाडाला भोके पडतात, खाली आली की जाळीच्या काड्या जाड दिसतात. म्हणून मॉडेलसोबत मूळ काप आणि वापरलेली सीमा आम्ही न मागता देतो. जाडी मोजायची तर कापांवरही ताडून पाहा.

नमुना पूर्ण वाळवून पाठवा. ओलसर हाड लांबलेल्या स्कॅनमध्ये वाळत आक्रसते, किंचित हलते आणि प्रतिमा पुसट होते. ओलेच ठेवणे भाग असेल तर आधी कळवा. तार, खिळे, टाचण्या काढा. धातूमुळे प्रतिमेत चकाकते पट्टे उमटतात.

सोबतच्या चिठ्ठीवर प्रजाती, अंदाजे वय आणि हाड डावे की उजवे हे लिहा. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना प्रतिमा कधी आरशासारखी उलटते, तेव्हा आम्ही त्याच चिठ्ठीशी ताडून पाहतो.