डोप पांढरा का पडतो? मॉडेल विमान रंगवण्याआधी हे वाचा

डोप म्हणजे मॉडेलच्या पंखावर चढवलेला कागद किंवा कापड ताणून घट्ट करणारं पारदर्शक लाखेसारखं द्रावण. पाऊस सुरू झाला की मॉडेलचं सामान विकणाऱ्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर एकच तक्रार येते: "तुमचा डोप खराब निघाला, पंख पांढरे पडले." अशा वेळी आम्ही त्याच डब्यातला थोडा डोप दुकानातल्या कोरड्या खोलीत टिश्यूच्या, म्हणजे पंखावर चढवायच्या पातळ कागदाच्या, तुकड्यावर लावून दाखवतो. तो स्वच्छ, पारदर्शक वाळतो. डबा तोच, ब्रश तोच, फरक फक्त हवेचा. हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा उभा करणं आणि त्यावर टिश्यू किंवा रेशीम चढवणं तुम्हाला येतं असं धरून हे पत्रक लिहिलं आहे. पुढचं काम बिघडतं कुठे, तेवढंच यात सांगतो.

नेहमीचा, म्हणजे नायट्रेट, डोप हे थिनरमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज असतं. एक हात मारला की थिनर झपाट्यानं उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. त्यामुळे ओला टिश्यू खोलीतल्या हवेपेक्षा थंड होतो. हवा दमट असेल, तर थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं त्या थरावर दव धरतं. ते पाणी थरात शिरलं की नायट्रोसेल्युलोज विरघळलेलं राहत नाही, साकळून बसतं आणि वाळल्यावर पांढरट डाग दिसतो. प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. तिथला थर सच्छिद्र आणि कच्चा राहतो, कापड पुरेसं ताणत नाही आणि इंजिनाचं तेल त्यातून आत झिरपतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक यानंतर होते. पांढरं दिसलं की घाईनं वरून आणखी एक जाड हात मारला जातो. स्पर्धा तोंडावर आलेली असते, कॉलेजचा संघ किंवा एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट रात्री जागून काम करत असतात, त्यामुळे घाई आम्हाला समजते. पण हवा तीच असल्यानं वरचा हातही पांढरा पडतो, खालचा ओलावा आत कोंडतो आणि वजन वाढतं. काही जण लवकर वाळावं म्हणून वर सीलिंग फॅन लावतात. त्यानं थिनर अजून वेगानं उडतं, पृष्ठभाग अजून थंड होतो आणि डाग वाढतो. असे तीन-चार थर चढलेला पंख आमच्याकडे आला, की बहुतेक वेळा टिश्यू सोलून पुन्हा चढवा असंच सांगावं लागतं.

त्याऐवजी थांबा. डाग पडला तर पंख रात्रभर वाळू द्या. कोरडी दुपार बघून थिनरमध्ये थोडा रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारं द्रावण, मिसळा, मऊ ब्रश त्यात बुडवून निथळून घ्या आणि डागावरून हलक्या हातानं एकदाच फिरवा. वरचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं. ब्रशच्या मागे पांढरेपणा विरत जातो आणि खालच्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या लाकडी फासळ्या, पुन्हा दिसू लागतात. त्याच जागी लगेच दुसऱ्यांदा ब्रश फिरवू नका, कडेला चिकटवलेला टिश्यू सुटतो.

मुळात डाग पडूच नये यासाठी भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक टांगा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडू नका. पुण्यात पावसाळ्यातही उघडीप मिळाली, तर दुपारी दोन ते चारच्या सुमारास काम होऊ शकतं. पहाटे आणि दिवेलागणीनंतर मात्र नाही. मुंबईत आणि कोकणात जुलै महिना सांगाडे बांधायला आणि घासायला ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एसीच्या खोलीतून काढलेलं मॉडेल बाहेरच्या दमट हवेत लगेच रंगवू नका, ते आधीच थंड असतं. डोपचा डबा गार असेल तर गरम पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवा. शेगडीवर कधीही नाही.

रिटार्डर थिनरच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका, नाहीतर थर दिवसेंदिवस मऊ राहतो. आमच्याकडे तो छोट्या बाटलीत मिळतो आणि जून ते सप्टेंबर या काळात डोप घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो घ्या असं सांगतो. काहींना हा माल खपवण्याचा प्रकार वाटतो. पण एका बाटलीत दोन-तीन मॉडेलं होतात, आणि नव्यानं चढवायचा टिश्यू त्याहून महाग पडतो.

थिनरचंही तसंच. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोजसाठीचं) थिनर आमच्यापेक्षा स्वस्त मिळतं, हे खरं आहे. ब्रश आणि स्प्रेगन धुवायला तेच वापरा, आम्हीही तेच वापरतो. पण त्यातली द्रावणं डब्यागणिक बदलतात, आणि स्वस्त, झटपट उडणारा भाग जास्त असला की पांढरेपणा ठरलेलाच. आम्ही डोपसोबत जे थिनर देतो ते त्याच डोपबरोबर तपासलेलं असतं.

थरांबद्दल थोडक्यात. डोप आणि थिनर निम्मे-निम्मे घ्या. टिश्यूला तीन-चार पातळ हात पुरतात, रेशमाला पाच-सहा. दोन हातांमध्ये चारशे नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा, रिबांच्या कडांवर तर नुसता टेकवा. डोप नंतर कित्येक दिवस आकसत राहतो, म्हणून शंभर मिलीला दहाएक थेंब एरंडेल घाला. थर लवचीक राहतो आणि नाजूक पंखाला पीळ पडत नाही. प्रत्येक हातानंतर पंख सपाट फळीवर पिना लावून वाळवा. पॉलिस्टर कापड मात्र डोपनं ताणत नाही, ते आधी इस्त्रीनं ताणायचं. त्यावरचा पहिला हात पातळच हवा, म्हणजे तो धाग्यांमध्ये शिरून पकड घेतो.

रंग देताना वजनकाटा जवळ ठेवा. शेपटीवर चढलेले दहा ग्रॅम तोलायला नाकात बऱ्याचदा पंचवीस-तीस ग्रॅम शिसं घालावं लागतं, कारण शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब असते. एचएएलच्या पुष्पक विमानाचं मॉडेल करणारे पुष्कळ ग्राहक आमच्याकडे येतात. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, फ्लाइंग क्लबांमध्ये वर्षानुवर्षं वापरलेलं ते कापडी विमान. त्याच्यासारखा दाट रंग हवा म्हणून शेपटीवर थर चढवू नका. पांढऱ्याचा एक पातळ हात खाली दिला की वरचा लाल किंवा पिवळा एका हातात उठून दिसतो.

क्रमही सांभाळा. वाळलेल्या डोपवर ऑइल इनॅमल चालतं. इनॅमलवर डोप लावला तर खालचा रंग सुरकुततो आणि उचलतो. तसंच नायट्रेट डोपवर ब्युटिरेट हा दुसऱ्या प्रकारचा, इंधनाला टिकणारा डोप चालतो, उलटं नाही. ग्लो इंजिनाच्या (मॉडेलच्या छोट्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनाच्या) इंधनातलं मिथेनॉल नायट्रेट डोपला मऊ करतं, म्हणून अशा मॉडेलला शेवटी ब्युटिरेटचा किंवा टू-पॅक पीयूचा (दोन भाग मिसळून लावायच्या पॉलियुरेथेनचा) पारदर्शक हात हवाच. बॅटरीवरच्या मॉडेलला तो खर्च करू नका, आम्हीही आग्रह करत नाही.

एक कळकळीची विनंती. नायट्रेट डोप अतिशय ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचते. घरात समई, उदबत्ती किंवा गॅस चालू असताना डबा उघडू नका. खिडक्या उघड्या ठेवा. मिसळायला काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या, थर्माकोलचा कप विरघळतो. ज्वालाग्राही असल्यानंच आम्ही डोप आणि थिनर कुरियरनं पाठवत नाही, कितीही लांबचं गिऱ्हाईक असलं तरी. बाल्सा, टिश्यू, रेशीम, पिना हे सगळं पार्सलनं मिळेल.

उघडलेला डबा आम्ही परत घेत नाही. मात्र डोपच्या प्रत्येक डब्यासोबत टिश्यू चढवलेली एक छोटी चौकट मोफत देतो. मॉडेलला हात लावण्याआधी त्या दिवशीच्या हवेत, तुमच्याच खोलीत, तिच्यावर एक हात मारून अर्धा तास बघा. चौकट पांढरी पडली तर ती तशीच दुकानात घेऊन या. थिनर आणि रिटार्डरचं प्रमाण तुमच्यासमोर जुळवून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.