बॉसला दुबळं करायचं की खेळाडूला बळ द्यायचं?

1999 च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये मरण महाग होतं. कमावलेला अनुभव घटायचा, सामान मढ्यापाशीच राहायचं आणि ते आणायला मोकळ्या हातांनी पुन्हा त्याच राक्षसांतून जावं लागायचं. नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या ब्लिझार्ड कंपनीच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या तशाच गेमने ही शिक्षा बरीच सौम्य केली. अवघडपणा आता बॉसच्या, म्हणजे लढाईतल्या मुख्य राक्षसाच्या, आकड्यांत शिरला.

आकडे बिनसले की काय होतं, ते क्थूनने दाखवलं. आन्किराज या 40 जणांच्या रेडचा, म्हणजे मोठ्या मोहिमेचा, हा शेवटचा बॉस. रेड जानेवारी 2006 मध्ये उघडली, पण क्थून कुणालाच पडेना. हा मरणं गणितातच बसत नाही, असं अव्वल गिल्ड (खेळाडूंचे कायमचे संघ) म्हणू लागली. एप्रिलमध्ये ब्लिझार्डने दुरुस्ती केली आणि काही तासांतच तो पडला.

हे गणित असं. 25 जणांची रेड धरा: 2 टँक (बॉसचा मार अंगावर घेणारे), 6 हीलर (इतरांना बरं करणारे), उरलेले 17 मारणारे. बॉसचं लाइफ 1 कोटी 2 लाख आणि 10 मिनिटांनी एनरेज, म्हणजे त्यानंतर तो सगळ्यांना झोपवणार. सेकंदाला 17,000 डॅमेज (इजा) हवं, माणशी 1,000. चौथ्या मिनिटाला दोन मारणारे मेले तर शेवटी बॉसचं 7 टक्के लाइफ उरतं. रात्रभर झुंजून 7 टक्क्यांवर अडकलेली गिल्ड फुटायला वेळ लागत नाही.

मग नर्फ करायचं, म्हणजे बॉसला दुबळं करायचं? लाइफ 10 टक्के घटवलं तर हाच बॉस 540 सेकंदांत पडतो. खेळाडूंचं डॅमेज 10 टक्के वाढवलं तर साधारण 545. हिशेब जवळपास तोच, पण नर्फ झालेल्या बॉसवरचा विजय फुकटचा वाटतो. 2010 मध्ये आइसक्राउन सिटाडेलमध्ये ब्लिझार्डने दुसरी वाट धरली: खेळाडूंचं लाइफ, डॅमेज आणि हीलिंग टप्प्याटप्प्याने 5 वरून 30 टक्क्यांपर्यंत वाढवलं. ज्याला नको त्याला ते बंदही करता यायचं. आमच्या मते त्या काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅटॅक्लिझम या गेमच्या विस्ताराने पाच जणांचे हिरोइक डंजन, म्हणजे छोट्या मोहिमांची अवघड पातळी, कडक केले. एका वेळी एकाच राक्षसावर तुटून पडायचं, बाकीच्यांना जादूने खिळवून ठेवायचं, हीलरने माना (जादूची शक्ती) जपून वापरायचा. ओळखीच्या पाच जणांना हे जमायचं. पण डंजन फाइंडर या आपोआप गट जुळवणाऱ्या सोयीने जमवलेल्या पाच अनोळखी माणसांत खिळवायचं कुणाला हेच ठरायचं नाही. टँक मरायचा आणि खापर हीलरवर फुटायचं. पुढच्या काही महिन्यांत ते डंजन सोपे करावे लागले.

नोव्हेंबर 2011 मध्ये रेडसाठीही तशीच सोय, रेड फाइंडर, आली: सोपी, स्वतंत्र पातळी. 2013 च्या फ्लेक्स रेडमध्ये 10 ते 25 कितीही जण चालायचे, लाइफ माणसांगणिक वाढायचं. यातही एक मेख आहे. लाइफ सलग वाढवता येतं, पण शाप एकावर पडतो किंवा दोघांवर, दीडावर नाही. त्यामुळे एक माणूस वाढला की लढाई अचानक जड होऊ शकते. 2014 मध्ये आलेल्या सर्वांत कठीण मिथिक रेडला मात्र 20 हा आकडा पक्का केला.