ग्रामीण महिला उपजीविका कार्यक्रमांचे मूल्यमापन

बचत गट, सूक्ष्म कर्ज, पशुधन वाटप, कौशल्य प्रशिक्षण यांसारख्या कार्यक्रमांमुळे ग्रामीण स्त्रियांचे उत्पन्न, मालमत्ता, कामाचा भार आणि घरातील निर्णयांवरील पकड यांत किती बदल झाला, आणि तो कार्यक्रमामुळेच झाला का, हे तपासण्याची पद्धत. देखरेख आणि गटांचे श्रेणीकरण यांहून ती वेगळी आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दफ्तर या पंचसूत्रीवर बँक गटाला जी श्रेणी देते, ती गटाच्या कारभाराची असते. ‘अ’ श्रेणीच्या गटातील सदस्याची स्थिती सुधारलीच असेल असे त्यातून निघत नाही. अनेक प्रकल्प अहवालांत मात्र हीच गल्लत दिसते.

या पद्धतीचा उगम नेमका कुठे मानावा, यावर एकमत नाही. काही अभ्यासक तो १९७० मधील एस्थर बोसेरप यांच्या शेतीतील स्त्रीश्रमावरील लेखनापर्यंत नेतात. संख्यात्मक परिणाम मोजण्याची परंपरा मात्र साधारणपणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, बांगलादेशातील सूक्ष्म कर्जावरील वादातून आकाराला आली असे मानणे अधिक योग्य. भारतात ग्रामीण स्त्रियांच्या गटांसाठीची सरकारी योजना ‘ड्वाक्रा’ (१९८२-८३) व राष्ट्रीय कृषी बँक ‘नाबार्ड’चा गट-बँक जोडणी प्रयोग (१९९२) त्याआधीचे असले, तरी त्यांचा सुरुवातीचा भर गट आणि कर्जे मोजण्यावरच होता.

अर्थशास्त्रज्ञ मार्क पिट आणि शाहिदुर खांडकर यांनी १९९१-९२ च्या बांगलादेशातील सर्वेक्षणावरून १९९८ मध्ये निष्कर्ष काढला, की स्त्रीला दिलेल्या दर १०० टाका (बांगलादेशी चलन) कर्जामागे कुटुंबाचा वार्षिक उपभोग १८ टाकांनी वाढतो. पुरुषाच्या कर्जामागे तो ११ टाकांनीच वाढतो. त्यांच्या तुलनेचा मोठा आधार होता अर्धा एकर जमिनीची पात्रता अट. तिच्याहून जास्त जमीन असलेली कुटुंबे कर्जाबाहेर राहतात, हे त्यात गृहीत होते. जोनाथन मॉर्डक यांनी त्याच वर्षी दाखवले, की जास्त जमीन असलेल्या बऱ्याच कुटुंबांनाही कर्ज मिळाले होते. पुढे डेव्हिड रूडमन व मॉर्डक यांनी तीच आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा उत्तराचे चिन्हच उलटले, म्हणजे वाढीच्या जागी घट आली. पिट यांनी त्यांच्या गणनेतील चूक दाखवली. ती सुधारल्यावर मूळ चिन्ह परत आले, परंतु कार्यकारणाचा आधार कमकुवत असल्याचे रूडमन व मॉर्डक यांचे म्हणणे कायम राहिले. त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते, कारण मोजकी टोकाची निरीक्षणे वगळली की परिणाम विरतो. प्रचारपत्रकांत १८ टाकांचा आकडा त्यानंतरही टिकून राहिला.

दुसरा वाद कर्जावरील ताब्याचा. अ‍ॅन मारी गेट्झ व रीना सेन गुप्ता यांना १९९६ मध्ये बांगलादेशात सुमारे ६३ टक्के प्रकरणांत कर्जाच्या वापरावर स्त्रीचा ताबा अंशतः, अत्यल्प किंवा शून्य आढळला. त्याच वर्षी सय्यद हाशेमी व सहकाऱ्यांनी कर्जामुळे स्त्रियांचे सक्षमीकरण होते असे मांडले. नायला कबीर यांनी पुढे दाखवले, की व्यवसाय कोण चालवतो आणि निर्णयात कोणाचे मत चालते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोणता विचारला, यावर उत्तर ठरते. म्हणून प्रश्नावलीत ‘कर्ज कोणाच्या नावावर’, ‘पैसा कशात गेला’, ‘हप्ता कोणाच्या कमाईतून भरला’ आणि ‘विक्रीचे पैसे कोणाच्या हातात आले’ हे चार प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. ते नवरा किंवा सासू समोर नसताना विचारावेत. ओटीवर सगळ्यांसमोर बसून घेतलेल्या मुलाखतीत ‘दोघे मिळून ठरवतो’ हे उत्तर हमखास मिळते.

उत्पन्न मोजताना सर्वाधिक चुका पशुधनात होतात. करडे विकून आलेले पैसे ही मिळकत, पण मूळ शेळी विकली तर ती मालमत्तेतील घट. पुष्कळ तक्त्यांत दोन्ही एकाच रकान्यात पडतात. चारा कापणे, चारणे, पाणी पाजणे यांचे तास धरावेत की नाही, यावरही निकाल फिरतो. उत्तर प्रदेशातील एका अभ्यासात घरच्या श्रमाला बाजारभावाने मजुरी लावल्यावर गायीवरील सरासरी परतावा उणे ६४ टक्के व म्हशीवरील उणे ३९ टक्के आला. ओराझिओ अटानासिओ व ब्रिटा ऑग्सबर्ग यांनी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यातील तीन वर्षांच्या माहितीवरून दाखवले, की परतावा पावसापाण्याप्रमाणे वर्षागणिक बदलतो आणि दुष्काळी साल पकडले तर तो उणे येतो. पायाभूत पाहणी वैशाखात आणि अंतिम पाहणी सुगीनंतर झाली, तर कार्यक्रमाविनाच उत्पन्न वाढलेले दिसते. दोन्ही पाहण्या एकाच महिन्यात कराव्यात.

नमुना ठरवताना एकाच गावातील स्त्रिया एकमेकींसारख्या असतात, हे ध्यानात घ्यावे लागते. दर गावातून २० जणी घेतल्या आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातील स्त्रियांमधील सारखेपणाचे माप) ०.१ असला, तर रचना-परिणाम, म्हणजे या सारखेपणामुळे नमुन्याची उपयुक्तता किती पट घटते तो आकडा, १ + १९ × ०.१ म्हणजे २.९ येतो. २० गावांतील ४०० मुलाखती मग सुमारे १३८ स्वतंत्र मुलाखतींइतक्याच उपयोगी ठरतात. गावे वाढवणे हाच उपाय. गावातील मुलाखती वाढवून फारसे साधत नाही. नमुन्यात फुटलेले गट आणि गट सोडून गेलेल्या स्त्रियाही हव्यात. चालू गटांच्याच यादीतून नमुना काढला, की अपयश आपोआप गळून जाते.

लाभ कोणाला द्यायचा हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवून, म्हणजे यादृच्छिक वाटपाने, केलेल्या मूल्यमापनांत ब्रॅक या संस्थेच्या बांगलादेशातील अतिगरीब स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमाचे काम मोठे आहे. १,३०९ गावांतील २१,००० हून अधिक कुटुंबांची सात वर्षांत चार वेळा पाहणी झाली. पशुधन व प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियांची मालमत्ता आणि कमाई वाढली व ती सात वर्षांनंतरही टिकली. मात्र त्याच कार्यक्रमावरील दुसऱ्या विश्लेषणात, मिळालेली जनावरे स्त्रियांच्या ताब्यात राहिली, पण घरात नव्याने आलेली इतर मालमत्ता बहुतांशी पुरुषांकडे गेली, असे आढळले. बिहारमधील ‘जीविका’ या बचत गट कार्यक्रमाच्या १८० पंचायतींतील यादृच्छिक अभ्यासात महागडे खाजगी कर्ज स्पष्टपणे घटले, मालमत्ता व सक्षमीकरणावरील परिणाम माफक होता. यादृच्छिक वाटप न करता, लाभार्थींशी मिळतीजुळती कुटुंबे मागाहून जुळवून केलेल्या अभ्यासांत हे परिणाम अधिक ठळक दिसले होते.

सक्षमीकरणासाठी २०१२ पासून शेतीतील महिला सक्षमीकरण निर्देशांक प्रचलित आहे. त्यात पाच क्षेत्रांतील उपलब्धीला ९० टक्के आणि घरातील स्त्री-पुरुष तुलनेला १० टक्के भार असतो. चोवीस तासांत साडेदहा तासांहून जास्त काम, घरकाम धरून, हा अतिश्रमाचा निकष मानला आहे. त्यासाठी आदल्या दिवसाची वेळनोंद घेतात. बाजाराचा वा सणाचा दिवस आला तर ती नोंद नेहमीच्या दिवसाची राहत नाही.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाचा (स्थापना १९७५) ‘तेजस्विनी’ कार्यक्रम आणि राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ ही प्रमुख उदाहरणे. ‘तेजस्विनी’ला आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे साहाय्य होते. ‘उमेद’ मध्ये पंचसूत्रीची दशसूत्री झाली आणि आरोग्य, शिक्षण, पंचायतीतील सहभाग हेही गटाच्या पाहणीत आले.