फूरिये विश्लेषण

कितीही गुंतागुंतीचा तरंग साध्या ज्या-तरंगांची (साईन लाटांची) बेरीज म्हणून मांडण्याची गणिती रीत. प्रत्येक घटकाची वारंवारता (सेकंदाला किती आवर्तने), जोर आणि कला (लाट कोणत्या टप्प्यावर सुरू होते ते) कळली की मूळ तरंग पुन्हा जुळवता येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडसमोर उभे राहिले की नुसता खडखडाट कानावर आदळतो. या रीतीने तो सुटा होतो. माग मिनिटाला १२० वेळा धोटा (आडवा धागा नेणारा भाग) फेकत असेल तर वारंवारता आणि जोर यांच्या आलेखात २ हर्ट्झवर (सेकंदाला दोन वेळा) आणि पुढे ४, ६, ८ अशा पटींवर शिखरे दिसतात. २ हर्ट्झ माणसाला ऐकूच येत नाही. फटका टोकदार असल्याने पटी खूप वरपर्यंत जातात आणि कानाला जाणवतात त्या याच. साध्या विणीत मागाचा खालचा शाफ्ट दोन धोट्यांमागे एकदाच फिरतो. तिथे काही झिजले की १ हर्ट्झवर नवे शिखर उगवते. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरचा तोल बिघडला तर २४ वरचे शिखर उंचावते.

जोसेफ फूरिये (१७६८–१८३०) या फ्रेंच गणितज्ञाने ही कल्पना उष्णतेच्या वहनासाठी १८०७ मध्ये मांडली. गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून कोपरे कसे येतील, हा गणितज्ञ लाग्रांजचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. चौकोनी तरंग १, १/३, १/५ अशा उतरत्या जोराच्या विषम पटींतून बनतो, पण मर्यादित पदे घेतली तर उडीपाशी तिच्या उंचीच्या सुमारे ९ टक्क्यांचे शिंग उरतेच. बेरीज केव्हा जुळते याच्या अटी गणितज्ञ डिरिक्लेने १८२९ मध्ये दिल्या.

ठरावीक काळाने तंतोतंत परतणाऱ्या तरंगाला फूरिये श्रेणी पुरते. हलगीच्या एकाच, पुन्हा न परतणाऱ्या थापेसाठी फूरिये रूपांतर लागते; त्यात सुट्या पटींऐवजी सलग सगळ्या वारंवारता येतात. गोल ताणलेल्या चामड्याच्या वारंवारता पूर्ण पटीत नसतात, म्हणून हलगीला ठाम सूर नाही. तबल्यात शाई (मधला काळा लेप) त्यांना पटीजवळ आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवले.

संगणकावर तरंगाच्या १०२४ नमुन्यांसाठी (ठरावीक अंतराने घेतलेल्या मापांसाठी) सरळ पद्धतीने दहा लाखांवर गुणाकार होतात. कूली आणि ट्यूकी यांच्या १९६५ च्या जलद पद्धतीत काम दहा हजारांच्या आसपास येते. जर्मन गणितज्ञ गाउसला ती युक्ती १८०५ च्या सुमारासच सुचली होती, पण त्याच्या हयातीत ती छापली गेली नाही.

दिवसभराच्या ध्वनिमुद्रणातून शाफ्टची झीज कळते, धोटा नेमका कधी अडकला ते शिखरांवरून दिसत नाही. त्यासाठी ध्वनीचे छोटे तुकडे पाडावे लागतात. पण तुकडा अर्ध्या सेकंदाचा केला की १ आणि २ हर्ट्झ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.