आयटी सपोर्ट बाहेर सोपवताना: सही करण्याआधी काय तपासाल?

ऑफिसात दहा-बारा संगणक असेपर्यंत एखादा जाणकार सहकारी प्रिंटर, पासवर्ड आणि वायफाय सांभाळून घेतो. माणसं पंचवीस-तीस झाली की त्याचं मूळ काम मागे पडतं, नव्या माणसाचा ईमेल सुरू व्हायला दोन-दोन दिवस लागतात आणि नोकरी सोडून गेलेल्याचं खातं तसंच चालू राहतं. अशा वेळी बाहेरची आयटी कंपनी नेमणं योग्यच. खाली दिलेले प्रश्न प्रत्येक कंपनीला विचारा, आम्हालाही विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या.

कोटेशन मागवण्याआधी

आधी स्वतः यादी करा: संगणक किती आणि कोणत्या विंडोजवर, सर्व्हर आहे का, लायसन्स कुणाच्या नावावर, बॅकअप कुठे जातो. यादी नसेल तर तीन कोटेशनं तीन वेगळ्या कामांची येतात आणि तुलना करताच येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते संगणक वेगळे लिहा; बदलण्याचा खर्च मासिक दरात सहसा धरलेला नसतो.

दर माणशी आहे की संगणकामागे, हेही पाहा. एकाच संगणकावर पाळीपाळीने तिघं बसत असतील तर संगणकामागे दर परवडतो. प्रत्येकाकडे लॅपटॉप, डेस्कटॉप आणि मोबाइल असेल तर माणशी. दरात काय येत नाही ते कलम सगळ्यात आधी वाचा: प्रत्यक्ष भेट, सुट्टीच्या दिवशीचं काम, नव्या संगणकाची मांडणी.

वेळेची कलमं

‘१५ मिनिटांत प्रतिसाद’ म्हणजे पुष्कळदा तिकीट (म्हणजे तक्रार) क्रमांकाचा आपोआप गेलेला ईमेल. माणूस प्रत्यक्ष काम कधी सुरू करणार आणि बिघाड किती वेळात दूर करण्याचं लक्ष्य आहे, हे दोन आकडे वेगळे मागा. ‘८ तास’ कामाचे की घड्याळाचे? कामाचे असतील तर शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेला सर्व्हर सोमवारी संध्याकाळपर्यंत बंद राहिला तरी करार मोडत नाही. सेवा सुरू राहण्याच्या टक्क्यांचंही तसंच: ३० दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के म्हणजे ७ तासांहून जास्त बंद, ९९.९ टक्के म्हणजे साधारण ४३ मिनिटं.

बॅकअप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर, हा किमान नियम. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क पुरेशी नाही, कारण रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर) सर्व्हरबरोबर तीही कुलूपबंद करतं. सर्व्हरमधल्या, एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या जोड-डिस्क म्हणजेही बॅकअप नव्हे. एकीवरून फाइल उडाली की दुसरीवरूनही त्याच क्षणी उडते. क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वनड्राइव्हच्या कंपनी खात्यात हटवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहते, पुढे मिळत नाही.

मग दोन प्रश्न. बिघाड झाला तर किती तासांचं काम हातचं जाईल? बॅकअप फक्त रात्री होत असेल तर संध्याकाळी पाचला डिस्क गेल्यावर दिवसभराच्या सगळ्या नोंदी गेल्या. आणि डेटा परत यायला किती वेळ लागेल? २ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, ४४ तास लागतात. मोठा डेटा असेल तर एक प्रत ऑफिसातही हवी ती याचसाठी.

‘बॅकअप यशस्वी’ या रोजच्या ईमेलवर विसंबू नका. दर तीन महिन्यांनी वेगळ्या संगणकावर रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणून, दाखवायला सांगा; हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून शेवटची नोंद तुमच्या माणसाने स्वतः तपासावी. याला टाळाटाळ करणारी कंपनी आमच्या मते नेमूच नये.

सुरक्षा

सपोर्ट कंपनीच्या रिमोट (दुरून संगणक हाताळण्याच्या) सॉफ्टवेअरला तुमच्या प्रत्येक संगणकात प्रवेश असतो. जुलै २०२१ मध्ये हल्लेखोरांनी कासेया कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरून सपोर्ट कंपन्यांमार्फत शेकडो लहान व्यवसायांच्या फाइली कुलूपबंद केल्या. म्हणून विचारा: रिमोट लॉगिनला दुहेरी पडताळणी आहे का? प्रत्येक तंत्रज्ञाचं खातं वेगळं आहे का? तो नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचं खातं कोण बंद करतं? अपडेट किती दिवसांत बसवता, हेही लिहून घ्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला, त्याआधी दोन महिने मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिलेली होती. ती न बसवलेले संगणक सापडले.

किल्ल्या आणि निरोप

डोमेन (वेबसाइट आणि ईमेलचा पत्ता) तुमच्या कंपनीच्या नावावर, नूतनीकरणाची सूचना तुमच्याच ईमेलवर. डोमेन सपोर्ट कंपनीच्या खात्यात असेल तर वाद झाल्यावर वेबसाइट आणि ईमेल दोन्ही अडकतात. ईमेलचं एक मुख्य अॅडमिन खातं मालकाकडे ठेवा आणि त्याचा ओटीपी तंत्रज्ञाच्या फोनवर जाऊ देऊ नका. फायरवॉल, राउटर आणि सर्व्हरचे पासवर्ड, नेटवर्कचा नकाशा आणि लायसन्सची यादी दर तिमाहीला अद्ययावत करून मिळावी.

करार संपवण्याची मुदत, हस्तांतराचं शुल्क आणि त्यांच्याकडचा तुमचा डेटा पुसल्याची लेखी पावती, ही तिन्ही कलमं सही करतानाच घाला. शेवटच्या दिवशी सगळे अॅडमिन पासवर्ड बदला, जुनी तांत्रिक खाती बंद करा आणि प्रत्येक संगणकावरून रिमोट सॉफ्टवेअर काढल्याची खात्री नव्या कंपनीकडून करून घ्या.